वॉल्टर बेडोजचं वजन

"अजून एक किटली ओत," टबातून वॉल्ट म्हणाला.

"कातडी सोलून निघेल."

"निघू दे. तेवढाच अर्धा पौंड कमी."

एनिडला हसू आलं नाही. स्वयंपाकघराच्या मधोमध पत्र्याचा टब, त्यात मोहरीची पूड घातलेलं कढत पाणी आणि त्या पाण्यात गुडघे हनुवटीला टेकवून बसलेला तिचा जवळजवळ सहा फुटी नवरा. दारं-खिडक्या बंद होत्या, भिंतींवरून वाफेचं पाणी ओघळत होतं. मार्चमधला शनिवार, सकाळची वेळ. शेजारच्या घरी बेकन तळत होते आणि त्याचा वास दाराखालच्या फटीतून आत येत होता. एनिडने जुनं फडकं गुंडाळून ती फट बुजवली.

"तीन काप दिसतात," वॉल्ट डोळे मिटून म्हणाला. "मिसेस प्रीसनं आठवड्याचं रेशन एका दिवसात उडवलं. एक काप जरा करपलाय."

"वासावरून मोजतोस?"

"सवय आहे."

एनिडने किटली ओतली, त्याला हाताला धरून बाहेर काढलं, दोन ब्लँकेटांत गुंडाळून चुलीशी बसवलं. अर्ध्या तासाने घाम पुसून ती त्याला मागच्या पडवीत घेऊन गेली. तिथे बटाटे तोलायचा काटा होता. वॉल्ट त्यावर उभा राहिला आणि एनिडने वजनं लावली.

"नऊ स्टोन अकरा."

"एक पौंड जास्त आहे."

"मग काय आता, एक पाय इथंच ठेवून जातोस?"

"छोटं खोगीर घेतो," वॉल्ट म्हणाला. "बर्टकडे आहे एक. हातरुमालाएवढं."

त्या दिवशी दुपारी टेमब्रिजच्या मैदानावर तीन मैलांची, अठरा अडथळ्यांची शर्यत होती. वॉल्ट ज्या घोड्यावर बसणार होता त्याचं नाव मार्टिनमस. चार वर्षांत वॉल्टच्या वाट्याला आलेला हा सर्वांत चांगला घोडा. खोगीर धरून त्याने बरोबर दहा स्टोन चार पौंड भरायला हवं होतं, आणि चौदा पौंडांचा एक स्टोन. निघताना एनिडने त्याच्यासमोर अर्धं उकडलेलं अंडं ठेवलं. त्याने ते तसंच तिच्याकडे सरकवलं आणि बिनदुधाचा चहा दोन घोट प्यायला.

*

वॉल्ट बेडोज हा खरं तर जॉकी होण्यासारखा माणूसच नव्हता. ऑल्डकोटच्या नालबंदाचा तो मुलगा. इंग्लंडमधल्या श्रॉपशरच्या त्या टापूत बेडोजांचे खांदे प्रसिद्ध होते. विसाव्या वर्षी तो साडेबारा स्टोन भरत होता आणि घोड्याचा मागचा पाय मांडीत धरला, तर घोड्याला हलता येत नसे. घोड्यांवर त्याचा जीव, घोड्यांचाही त्याच्यावर. पण शर्यतीच्या घोड्यावर त्याला कुणी बसवलं असतं तर घोड्याने माघारी वळून बघितलं असतं.

मग लढाई लागली. चाळीस सालच्या जूनमध्ये फ्रान्समध्ये तो जर्मनांच्या हाती सापडला. पुढची पाच वर्षं दूर पूर्वेकडच्या एका दगडखाणीत गेली. पाणीदार सूप, काळा पाव, बटाट्यांची सालं. शेवटच्या हिवाळ्यात पहारेकऱ्यांनी कैद्यांना बर्फातून पश्चिमेकडे चालवत नेलं. किती आठवडे चालवलं ते त्याला नीट सांगता येत नसे. पंचेचाळीसच्या मे महिन्यात तो घरी आला तेव्हा स्टेशनवर एनिड त्याच्या शेजारून पुढे निघून गेली. त्याने हाक मारली तेव्हा ती थबकली. आवाज तेवढा जुना होता.

तिने पाच वर्षं त्याच्यासाठी डबे साठवले होते. हॅमचा डबा, जर्दाळूंचा डबा, मनुकांची पुडी. पण त्याचं पोट इतकं आक्रसलेलं होतं की दोन घास खाल्ले तरी ओकारी व्हायची. डॉक्टर म्हणाले, हळूहळू वाढवा. एनिड हळूहळू वाढवत होती. आणि तेवढ्यात मिसेस लेटन आल्या.

मिसेस लेटन म्हणजे टेकडीवरच्या पागेच्या मालकीणबाई. अकरा घोडे त्या स्वतः तयार करत, पण बायकांना परवाना मिळत नसल्यामुळे परवाना त्यांच्या बर्ट गफ या मुख्य मोतद्दाराच्या नावावर होता. कागदावर बर्ट प्रशिक्षक होता, प्रत्यक्षात बाईंनी "बर्ट!" म्हटलं की त्याच्या हातातला चहा सांडायचा. चर्चच्या आवारात विजयाचा चहापानाचा कार्यक्रम चालला होता. बाईंनी वॉल्टला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, घोडा विकत घेताना न्याहाळतात तसं.

"बेडोज, तुझं वजन किती आहे?"

"आठ स्टोन दोन, बाई."

"घोडे विसरला नाहीस ना?"

"नाही, बाई."

"सोमवारी पागेवर ये."

अशी सुरुवात झाली. माणसं लढाईत मेली होती, जायबंदी झाली होती. शर्यती पुन्हा सुरू झाल्या होत्या आणि जॉकींची वाण होती. शेहेचाळीसच्या डिसेंबरात, चिखलात, एका म्हाताऱ्या घोडीवर वॉल्टने पहिली शर्यत जिंकली. परत येताना त्याच्या तोंडावर इतका चिखल होता की बर्टला फक्त दात दिसले.

"पाच वर्षं एका कुंपणानं अडवून ठेवलं होतं रे," खाली उतरल्यावर तो बर्टला म्हणाला. "इथं कुंपण आलं की सगळे ओरडतात, जा! जा!"

"ते सगळं ठीक आहे," बर्ट म्हणाला. "पण डावी टाच खाली ठेवत जा."

तीन हंगामांत त्याने सात शर्यती जिंकल्या. सातच. पण पागेवर त्याचं नाव झालं, एखाद-दुसऱ्या वेळी वर्तमानपत्रात बारीक टाइपात छापूनही आलं. अडचण एकच होती. शरीराला आपले खांदे आठवू लागले होते. जरा पोटभर खाल्लं की पौंडामागून पौंड परत येत, जणू इतकी वर्षं ते दाराबाहेरच उभे होते. तेव्हा वॉल्टने खाणं बंद केलं. आधी रात्रीचं, मग सकाळचं. देशात सगळे रेशनच्या नावाने बोटं मोडत होते आणि वॉल्ट बेडोज आपलं मांस, लोणी, साखर शेजारणीला देऊन टाकत होता. मिसेस प्रीस त्याला देवमाणूस म्हणत. एनिडला नवरा परत मिळाला होता, पण एकदाही पोटभर जेवलेला नवरा तिने बघितला नव्हता.

*

टेमब्रिजला ऊन पडलं होतं. छोट्या खोगिरासकट वॉल्टने बरोबर दहा स्टोन चार भरले. काट्यावरून उतरताना त्याला जरा गरगरलं, पण त्याची त्याला सवय होती. बर्टने त्याला घोड्यावर चढवलं. मिसेस लेटन छत्री टेकत आल्या.

"पहिल्या फेरीत घाई नको. दुसऱ्या फेरीत तो स्वतःच सांगेल तुला. त्याचं ऐक."

"हो, बाई."

मार्टिनमसने खरंच सांगितलं. बाराव्या अडथळ्यानंतर त्याने कान पुढे केले आणि मग वॉल्टला फक्त बसून राहायचं होतं. एकेक घोडा मागे पडत गेला. पंधरावा अडथळा, सोळावा. पुढे मोकळं गवत आणि मागे एकाच घोड्याच्या टापा. त्या घोड्यावर होल्ट नावाचा जॉकी होता. त्याच भागातला, लोकांचा लाडका.

सोळाव्यानंतर वॉल्टला आपले हात दिसेनासे झाले.

म्हणजे लगाम हातात होता, पण हात कुणा दुसऱ्याचे असावेत तसे लांब होते. ऊन पांढरं झालं, गवत पांढरं झालं. त्याला वाटलं, बर्फ पडतोय. पाय चालताहेत पण आपले नाहीत. रस्त्याच्या कडेला लांब कोट घातलेला माणूस उभा होता. आणि मग सगळीकडून एकदम ओरडा झाला, थांबायचा तोच जर्मन हुकूम:

"हाल्ट! हाल्ट! हाल्ट!"

वॉल्टने लगाम खेचला.

त्याने घोडा अगदी नीट थांबवला. झटका न देता, तोंडाला न दुखवता. मार्टिनमस सतराव्या अडथळ्याच्या वीस पावलं अलीकडे उभा राहिला आणि त्याने चकित होऊन मान वळवली. वॉल्ट खाली उतरला, घोड्याच्या शेजारी ताठ उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. मागून होल्टचा घोडा धडधडत आला आणि अडथळ्यावरून उडून पुढे गेला.

अडथळ्यापाशी लांब कोट घालून उभा असलेला रुग्णवाहिकेचा माणूस धावत आला. "काय झालं? घोडा लंगडतोय का?"

वॉल्टने त्याच्याकडे बघितलं. गवत पुन्हा हिरवं झालं होतं. त्याने हळूच हात खाली घेतले.

घोडा चालवत परत नेताना कठड्यापलीकडची माणसं त्याच्यावर तुटून पडली. "चोर!" "किती मिळाले रे?" कुणीतरी अर्धं खाल्लेलं सफरचंद फेकलं, ते त्याच्या खांद्याला लागलं. बर्ट लगाम घ्यायला आला. त्याचा चेहरा फडक्यासारखा झाला होता.

"वॉल्ट, तू... तू कुणाकडून काही..."

"नाही, बर्ट."

"मग झालं," बर्ट म्हणाला आणि त्याने मुकाट्याने घोडा नेला.

*

पंचांच्या खोलीत तिघे बसले होते. मध्ये पांढऱ्या मिशीचे एक निवृत्त ब्रिगेडियर. खोलीत चहाच्या तबकावर केक होता. वॉल्ट उभा होता आणि प्रयत्न करूनही त्याची नजर केकवरून हटत नव्हती.

"बेडोज," ब्रिगेडियर म्हणाले, "तू आघाडीवर होतास. घोडा दमलेला नव्हता. घोड्याला दुखापत नाही. तू घोडा का थांबवलास?"

"मला थांबायला सांगितलं, सर."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. "कुणी?"

आपण काय बोलणार आहोत ते वॉल्टला कळत होतं आणि त्याचा परिणामही कळत होता. लाच घेतली म्हटलं तर जन्माचा काळिमा. खरं सांगितलं तर वेडा. त्याने खरं सांगितलं.

"पहारेकऱ्यानं, सर."

"कसला पहारेकरी? इथं कुठला पहारेकरी?"

"इथला नाही, सर."

मग कोपऱ्यात बसलेला कारकून घसा खाकरून म्हणाला, "साहेब, लोक त्या वेळी होल्टच्या नावानं ओरडत होते. होल्ट, होल्ट असं."

ब्रिगेडियरांनी पेन्सिल खाली ठेवली. "तू कैदेत होतास?"

"पाच वर्षं, सर."

"डॉक्टरांना बोलवा," ते म्हणाले.

मैदानाचे डॉक्टर म्हातारे, बुटके आणि चिडके होते. त्यांनी वॉल्टची नाडी धरली, डोळ्यांची पापणी खाली ओढली, सदरा वर करायला लावला आणि बरगड्यांकडे बघून जीभ टाळ्याला लावून आवाज काढला.

"आज काय खाल्लंस?"

"चहा, सर."

"चहा खात नाहीत. काल?"

"एक टोमॅटो."

"परवा?"

वॉल्टला आठवावं लागलं. "टोमॅटोच. तो अर्धा होता."

"आणि असं किती दिवस चाललंय?"

"दोन वर्षं झाली असतील, सर."

डॉक्टर पंचांकडे वळले. "या माणसाच्या हाडांना बारा स्टोन मांस लागतं. लाच कसली घेतोय? हा उपाशी आहे. घोड्यावर बसून बेशुद्ध पडला नाही हेच नवल. पुन्हा बसला तर एक दिवस मरेल, आणि एखादा चांगला घोडा घेऊन मरेल. मी तर याला उद्या सायकलवरसुद्धा बसू देणार नाही."

ब्रिगेडियर म्हणाले, "बेडोज, तुझ्या प्रामाणिकपणाबद्दल आम्हांला शंका नाही. तसं लिहून ठेवतो. पण मला लंडनला कळवावं लागेल. तुझा परवाना राहणार नाही. कायमचा. समजलं?"

"हो, सर."

"मला वाईट वाटतं."

वॉल्टला वाटलं, आता आपल्यालाही वाईट वाटायला हवं. तो वाट बघत उभा राहिला. पण छातीवरून कुणीतरी ऐरण उचलून बाजूला ठेवावी तसं काहीतरी झालं.

"धन्यवाद, सर," तो म्हणाला. आणि मग, तोंडातून निघून गेलं म्हणून, "खूप खूप धन्यवाद, सर."

*

घोडे वाहून नेणाऱ्या मोटारीत पुढे बर्ट आणि वॉल्ट, मागे मार्टिनमस गवत चघळत.

"रडायचं असलं तर रड," चार मैलांनंतर बर्ट म्हणाला. "मी रस्त्याकडे बघतो."

"बर्ट, एक विचारू? रागावणार नाहीस ना?"

"विचार."

"तुझ्या डब्यात सँडविच उरलंय. फिश पेस्टचं. वास येतोय मघापासून. तू खाणारेस का ते?"

बर्टने गाडी कडेला घेतली. डबा उघडून त्याच्या मांडीवर ठेवला. वॉल्टने पहिला घास घेतला, चावला, गिळला. दुसरा घेतला आणि मग मात्र त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तो खात होता, रडत होता आणि मधेच हसत होता, आणि पावाचे कण सगळीकडे उडत होते.

"हळू खा, लेका," बर्ट म्हणाला. "कुणी हिसकावून घेत नाहीये."

एनिडला बातमी आधीच लागली होती. गावात वाईट बातमी बसच्या आधी पोचते. ती दारात उभी होती. वॉल्ट कुंपणापाशीच थांबला.

"परवाना गेला. कायमचा."

एनिडने दाराची चौकट धरली. मग ती आत जाऊन खुर्चीत बसली आणि ॲप्रनमध्ये तोंड लपवून तिने असा काही सुस्कारा सोडला की वॉल्ट घाबरला. "एनिड? अगं, रडू नकोस."

"रडत नाहीये, गाढवा!" ॲप्रनच्या आतून ती म्हणाली. जीव भांड्यात पडलेल्या बाईचा आवाज होता तो.

मग ती उठून वर गेली आणि उशीचा एक अभ्रा घेऊन खाली आली. तो तिने टेबलावर ठेवला. आत पावाचे तुकडे होते. कडा, कोपरे, अर्धी चकती. गादीखाली, त्याच्या बाजूला लपवलेले.

वॉल्ट लालबुंद झाला. छावणीत तो असेच तुकडे लपवायचा. घरी आल्यावर ती सवय सुटली होती. उपास सुरू केल्यावर कधी परत लागली ते त्यालाही कळलं नव्हतं. तो ते खायचा नाही. फक्त आहेत हे माहीत असलं की झोप यायची.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"दोन वर्षं झाली."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार होते?" एनिड म्हणाली. "शिळे झाले की बदलत होते. म्हटलं, कधी खाल्लेस तर बुरशी आलेले नकोत."

तेव्हा वॉल्टच्या लक्षात आलं. त्या दोन वर्षांत बराच काळ पावाचंही रेशन होतं. हे तुकडे तिच्या पानातले होते.

"आता हे कोंबड्यांना टाकू का?" तिने विचारलं.

"टाक," वॉल्ट म्हणाला. एनिडने त्याच्याकडे बघितलं तेव्हा त्याने पुन्हा सांगितलं, "टाक, एनिड. सगळे."

तिने कांदे परतले, बटाटे तळले, त्या आठवड्याचं दोघांचंही बेकन एकाच वेळी तव्यावर टाकलं. वॉल्ट जेवला. ती समोर बसून बघत होती आणि स्वतः जेवायचं विसरली होती.

*

सगळंच लगेच निवळलं असं नाही. पंचांनी काय लिहून ठेवलं ते कागदावर राहिलं, लोकांना कठड्यापलीकडून दिसलं तेवढंच खरं होतं. वर्षभर गुत्त्यात कुणी ना कुणी म्हणे, "काय वॉल्ट, होल्टनं यंदा नाताळला काय पाठवलं?" वॉल्ट बिअर संपवून घरी जाई. एकदाच बर्टने तसं बोलणाऱ्याची टोपी उचलून त्याच्याच ग्लासात बुडवली आणि त्यानंतर टोमणे जरा कमी झाले.

वॉल्टच्या वडिलांच्या हाताला कंप सुटला होता. वॉल्ट पुन्हा भट्टीवर उभा राहिला. त्या मे महिन्यात मिसेस लेटन स्वतः मार्टिनमसला घेऊन आल्या.

"बाई, तुमची शर्यत घालवली मी."

"घालवलीस," बाई म्हणाल्या. "पण घोडा शाबूत ठेवलास. भान नव्हतं तरी त्याच्या तोंडाला झटका दिला नाहीस. मी बघत होते." मग घोड्याच्या मानेकडे बघत, ओरडल्यासारख्या आवाजात त्या म्हणाल्या, "छावणीतून आलेल्या माणसाला मी आधी वजन विचारलं. शरम वाटते मला. आता पुढचा नाल बघ, सैल झालाय."

बेडोजांचे खांदे दोन वर्षांत परत आले. पोटही थोडं आलं. ज्यांनी त्याला शर्यतीत बघितलं होतं ते हळूहळू पांगले, आणि नवीन माणसांना बेडोज म्हणजे रस्त्याच्या वळणावरचा तो धिप्पाड नालबंद, एवढंच ठाऊक होतं.

आठ-नऊ वर्षांनी वूस्टरकडचा एक नवा घोडामालक आपली घोडी घेऊन आला. तरणी, बिथरलेली घोडी. वॉल्टने तिच्या मानेवरून हात फिरवला, कानाशी काहीतरी पुटपुटला आणि तिचा मागचा पाय उचलून मांडीत घेतला. घोडी शांत उभी राहिली. मालक थक्क झाला.

"तुला घोडे चांगले कळतात. कधी शर्यतीत बसलायस की काय?"

वॉल्टच्या ओठांत खिळे होते. त्याने ते तळहातावर काढून घेतले.

"थोडे दिवस. हलका होतो तेव्हा."

त्याचे खांदे आणि पोट बघून मालक खो खो हसला. वॉल्टही हसला. घरातून एनिडची हाक आली. जेवण वाढलं होतं, मटणाचा वास अंगणापर्यंत पोचला होता.

"आलो," वॉल्ट म्हणाला.

त्याने खिळे पुन्हा ओठांत धरले. एकेक खिळा बसवला, टोकं मुडपली, कानस घेऊन खुराची कड सावकाश घासून गुळगुळीत केली. आतून पुन्हा हाक आली. घोडीचा पाय त्याने अलगद जमिनीवर टेकवला आणि दुसरा उचलला.

जेवण कुठे पळून जात नव्हतं.